छप्पर आणि मोडकी खुर्ची : संध्याकाळच्या जपानीच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज वर्ग सुरू. सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेसहा ते साडेआठ, डेक्कनजवळ. पुण्यात जपानी शिकायचं म्हटलं तर पर्यायांची वानवा नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, गल्लोगल्ली खाजगी वर्ग आहेत. मी विद्यापीठाचा अर्धवेळ प्रमाणपत्राचा वर्ग धरला, कारण पहिली शिफ्ट संपवून पोचता येतं. नाशिक फाट्याला मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदल, डेक्कनला उतरायचं. डबा मेट्रोत उघडता येत नाही, एवढीच अडचण.

वय ४४. भोसरीत टूलरूमचं मेंटेनन्स बघतो. वर्गात बहुतेक पोरं एकोणीस-वीसची, ॲनिमे बघून आलेली. तीन-चार आयटीवाले. एक निवृत्त बँकवाल्या आजी, मुलगी नागोयात असते. पोरांनी मला पहिल्या दहा मिनिटांत ‘काका’ केलं. सेन्सेईंनी (म्हणजे शिक्षिका; बाई मराठीच) हजेरी घेताना सगळ्यांना आडनावापुढे ‘सान’ लावलं आणि काका-आजी-पोरं सगळे एका ओळीत आले. ओळख करून देताना मी स्वतःच्या आडनावालाही ‘सान’ लावून मोकळा झालो. स्वतःला लावायचं नसतं. म्हणजे मी उभा राहून ‘मी अमुकराव साहेब’ म्हणालो होतो.

प्रकल्प दोन भागांत. एक, पुढच्या जुलैला जेएलपीटीची (जपानीच्या परीक्षेची) एन-५, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. दोन, हे खरं कारण : टूलरूममधल्या जुन्या सरफेस ग्राइंडरचं (फिरत्या दगडाने जॉब घासून सपाट करायचं मशीन) पॅनेल वाचणं. मशीन जपानहून सेकंडहँड आलेलं. मॅन्युअल आलंच नाही. सगळ्या पट्ट्या जपानीत. मामा (ऑपरेटर, रिटायरमेंटला दोन वर्षं) चित्रांवरून चालवतात : ‘छप्पर दाबलं की चालू, मोडकी खुर्ची दाबली की बंद.’ पंधरा वर्षं चाललंय असं. पुढच्याला कोण सांगणार?

आणखी एक. आमच्या भिंतीवर फाइव्ह एसचा (शॉप नीटनेटकं ठेवायच्या पाच पायऱ्यांचा) बोर्ड आहे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. ऑडिटला मी हे मंत्रासारखं म्हणतो. ही कुणाची तरी बोलायची भाषा आहे, हे आज संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

हिरागानाच्या ४६ अक्षरांपैकी निम्मी झाली. पोरं मोबाइलवर चित्रं-गोष्टी लावून पाठ करताहेत. मला तक्ता बघताच वाटलं, हा तर ओळखीचा आहे. आ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बालवाडीतला तक्ता, काही खाने उडवलेला.

सेन्सेईंना विचारलं, तर त्यांनी पाच मिनिटं धडा बाजूला ठेवला. संस्कृत मंत्र ज्या सिद्धम् लिपीत लिहीत, ती बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला गेली. कूकाइ नावाचे भिक्षू ८०६ साली चीनहून परतले तेव्हा ती विद्या घेऊन आले. अक्षरांचा हा क्रम त्या अभ्यासातून बसला. क-च-ट-त-प शी ताडून बघितलं तर दोन जागी अडतं : ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’. त्याचंही उत्तर आहे. जुन्या जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता, आणि ‘सा’ हा ‘त्सा’च्या जवळचा होता. उच्चार सरकले, खाने जागेवर राहिले.

घरी मुलाच्या जुन्या अंकलिपीतला तक्ता काढला आणि त्यावर पेन्सिलीने हिरागाना भरला. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

रोमन लिपी बंद. पुढच्या आठवड्यापासून वहीत रोमन दिसलं तर सेन्सेई खोडणार. मी आधीच सोडली होती, कारण इंग्रजी अक्षरांतून वाचताना माझं तोंड इंग्रजी शाळेत जातं आणि बिघडतं. देवनागरीत काय काय बसतं ते लिहून ठेवतो.

त-ओळ म्हणजे ता, ची, त्सु, ते, तो. ‘मधेच ची आणि त्सु कुठून आले?’ म्हणून वर्गात कुरकुर. पण आपण रोज हेच करतो. ‘त्याचा’ म्हणताना च दाताजवळ, ‘त्याची’ म्हणताना टाळूवर. त्सु म्हणजे ‘चूल’मधला च. स-ओळीतही सा, शी, सु. आपलं बघा : मावसभाऊ पण मावशी, दिवस पण त्या दिवशी. ‘ई’ आली की स चा श होतो, तिथेही आणि इथेही. ‘माझा-माझी’ म्हणून बघितलं की झा-जी-झु ची ओळही सुटते. हे मी वर्गात सांगितलं तर एक आयटीवाली म्हणाली, ‘काका, मी आयुष्यभर मराठी बोलतेय, हे कधी ऐकलंच नव्हतं.’ मीही नव्हतं.

दुसरं, अनुस्वार. त्यांचं शेवटचं ‘न’ हे अक्षर पुढच्या अक्षराप्रमाणे तोंड बदलतं. शिंबुन (वर्तमानपत्र) मध्ये म, गिंकोऽ (बँक) मध्ये ङ. रोमनमध्ये याचा घोळ होतो. आपल्याकडे एक टिंब दिलं की काम झालं, अंक-अंत-अंबा म्हणताना आपण कुठे विचार करतो!

जोडाक्षर तर सोन्याहून पिवळं. किते म्हणजे ‘येऊन’, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. पत्ता आणि पता यातला फरक ज्याला कळतो त्याला हे शिकवावं लागत नाही.

जे बसत नाही ते : लांब ए, लांब ओ. देवनागरीत ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. मी अवग्रह (ऽ) लावायचं ठरवलं आहे. या खुणेवर पुढे काय काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती. वर्गाला सुट्टी, डेक्कनला गर्दी. काताकाना सुरू करायचा होता, घरीच केला. काताकानात परदेशी शब्द येतात. टूलरूम तिथेही सापडली : पेंचि (पक्कड), सुपाना, मोंकीऽ (मंकी पाना). ‘पान’ म्हणजे पाव. दोघांनीही तो पोर्तुगिजांकडूनच घेतला, त्यांनी पान म्हटलं, आपण पाव.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) सुरू. पहिली दहा. झाड एक, दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे रान. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. सुट्टीच्या दिवसालाही तेच अक्षर. ‘माणूस’ म्हणजे दोन पाय फाकवून उभा.

हे तर मामांचं छप्पर! सकाळी शॉपला जाऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘मामा, चालूच्या बटणावर माणूस लिहिलंय.’ मामा म्हणाले, ‘माणूस दाबला की मशीन चालू? कंपनीचं धोरणच आहे ते.’

संध्याकाळी फोटो दाखवला. सेन्सेई हसल्या. ‘माणसा’त डावा पाय माथ्यापासून निघतो आणि उजवा त्याला टेकू देतो. पट्टीवर उजवी रेघ वरून झुकते. ते ‘आत शिरणं’, बटणावर ‘इरी’ म्हणजे चालू. मोडकी खुर्ची म्हणजे ‘किरी’, बंद. त्यात डावीकडे सात आकडा आणि उजवीकडे तलवार. सात आणि तलवार, लक्षात ठेवायला बरं.

पंधरा वर्षं मशीनने ज्याचं छप्पर दाखवलं त्याचं नाव इरी. मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मी छप्परच म्हणणार.’

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मशीनची पूजा. त्यानिमित्ताने ग्राइंडरचं पॅनेल उघडून पुसलं. झेंडू, हळदकुंकू, नारळ. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकड्यांचा रकाना आहे, पूर्वीही दिसायचा :

६२.३.१०
६२.९.९
६३.३.११
६३.९.१२
१.३.९
१.९.११
२.३.१०

आणि पुढे असंच खालपर्यंत. वायरमनचं म्हणणं, कुणीतरी मेगरची (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) रीडिंग टिपलीत : ६२ वरून इन्सुलेशन एकदम १ वर आलं म्हणून मोटर रिवाइंड केली असणार. पटण्यासारखं आहे. पुसलं नाही.

माझ्या कांजी आता तीसेक. मोह आवरला नाही. टेप-मशीन घेऊन मराठी पट्ट्या छापल्या आणि जिथे जिथे ओळखीचं अक्षर दिसलं तिथे चिकटवल्या. इरीला ‘चालू’. किरीला ‘बंद’. दगड खाली घ्यायच्या हँडव्हीलच्या पट्टीवरही सात-आणि-तलवार होती, पुढे दोन-तीन अनोळखी अक्षरं. तिथेही ‘बंद’ चिकटवून टाकलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गाला गेलो नाही.

काल गुरुवार, शॉपची सुट्टी. आज दुसऱ्या शिफ्टला नवा ट्रेनी ग्राइंडरवर होता. मामा पहिल्या शिफ्टचे. जॉबला जरा कंप आला म्हणून पोराने मशीन थांबवायचं ठरवलं आणि माझी पट्टी वाचून ते हँडव्हील फिरवलं. ‘बंद’. दगड बंद व्हायच्या ऐवजी खाली आला आणि जॉबमध्ये घुसला. ठिणग्या, आवाज, जॉबवर निळा-काळा जळका पट्टा. मॅग्नेटने जॉब धरून ठेवला आणि पोराला आणीबाणीचं लाल मश्रूम बटण आठवलं, म्हणून निभावलं. दगडाला कपची गेली नाही, पण मी तो उतरवून बदलला. तडा बाहेरून दिसेलच असं नसतं.

चूक पोराची नाही. त्याने लिहिलेलं वाचलं.

सगळ्या पट्ट्या काढल्या. मग फॉर्म भरायला बसलो. आमच्याकडे थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या फॉर्मचं नावच ‘हियारी हाट्टो’ आहे. इतकी वर्षं मी तो ऑपरेटरांकडून भरून घेतला. आज ‘घटनेस कारणीभूत व्यक्ती’समोर माझं नाव.

२१ ऑक्टोबर, सोमवार

वर्ग सुटल्यावर थांबलो आणि हँडव्हीलच्या पट्टीचा फोटो दाखवला. सेन्सेई : ‘किरिकोमी. आत कापत जाणं. किती खोल कापायचं ते.’ म्हणजे डाउनफीड. ‘पण हे अक्षर म्हणजे बंद ना?’ ‘हे अक्षर म्हणजे कापणं. किरु. वीज कापली की बंद.’

आपणही तेच म्हणतो की. बिल थकलं की लाइट ‘कापतात’, कनेक्शन ‘तोडतात’. मी ‘बंद’ असा अर्थ पाठ केला आणि मूळ क्रियापद विचारलंच नाही. त्याच मशीनवर एक मोठी पट्टी आहे, तिच्यात हे अक्षर दोनदा येतं : स्वयंचलित किरिकोमी, आणि पुढे इरी-किरी. एका ओळीत एकदा ‘काप’ आणि एकदा ‘बंद’. पट्ट्या लावताना हे डोळ्यांसमोर होतं.

सेन्सेईंनी मग फळाच भरला. कित्ते (टपालतिकीट) मध्ये हेच अक्षर, किप्पु (रेल्वेचं तिकीट) मध्ये हेच. ताइसेत्सु, म्हणजे मोलाचं : ‘मोठं’ अधिक ‘कापणं’. शिन्सेत्सु, म्हणजे दुसऱ्याशी मायेनं वागणं : ‘आईबाप’ अधिक ‘कापणं’. कापण्यातून माया कशी निघाली हे मी विचारणार होतो, पण वॉचमन दिवे घालवायला आला. दिवे कापायला.

हियारी आणि हाट्टोचंही विचारलं. हियारी म्हणजे अंगातून गार लहर जाणं, हात्तो म्हणजे दचकणं. दोन्ही नुसते आवाजाचे शब्द. म्हणजे आपलं धस्स आणि चर्र. फॉर्मचं मराठी नाव ‘संभाव्य अपघात अहवाल’ असं आहे. ‘काळजात धस्स’ असं ठेवलं असतं तर लोकांनी भरला असता.

नियम : अक्षर ओळखीचं म्हणून पट्टी लावायची नाही. आख्खा शब्द, सेन्सेईंकडून तपासलेला, मग मामांकडून मशीनवर फिरवून बघितलेला. तीन सह्या. शेवटची मामांची.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर वर्ग निम्मा. दरवर्षी असंच होतं म्हणे. काताकाना आणि कांजी मिळून जे गाळायचं ते गाळतात. आजी आहेत. माझे दोन बुधवारचे खाडे झाले, ब्रेकडाउन.

४ डिसेंबर, बुधवार

आकडे. अकरा म्हणजे दहा-एक, एकोणपन्नास म्हणजे चार-दहा-नऊ. ज्याने ‘एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर’ पाठ करून मार खाल्ला आहे त्याला हे ऐकून रडू येईल. सूड पुढे आहे : हजारानंतर त्यांचा टप्पा दहा हजार, ‘मान’. आपला एक लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान. पोरांनी मिलियनमधून हिशेब केला आणि अडकली.

माणसं मोजताना हितोरी, फुतारी. एकटा, दोघं. इंग्रजीतून शिकवलं तर हा नियम वाटतो.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

ते-रूप. वर्गात याची धास्ती महिनाभर होती. क्रियापदाचं शेपूट बघून रूप बदलायचं : उ, त्सु, रु असेल तर त्ते, मु, बु, नु असेल तर न्दे, कु चं इते, गु चं इदे, सु चं शिते. आणि इकु (जाणे) मात्र नियम मोडून इत्ते. पाढ्यासारखं म्हणून घेतलं. पोरं पुस्तकातल्या इंग्रजी समजुतीवर अडली होती, जोडणारं रूप, विनंतीचं रूप, चालू क्रियेचं रूप, एकाच शेपटाला इतकी नावं.

मी फळ्यावरचं उदाहरण वहीत मराठीत उतरवत होतो आणि हात थांबला. ताबेते : खाऊन. नोन्दे : पिऊन. मित्ते? नाही, मिते : बघून. सगळीकडे नुसता ‘ऊन’.

मग धडाधड पडलं. ताबेते मिरु, शब्दाला शब्द : खाऊन बघणं. चव घेऊन बघ, करून बघ, घालून बघ. त्यांचंही क्रियापद ‘बघणं’च. मोत्ते कुरु : घेऊन येणं. सेन्सेईंनी पुढच्या वर्षाची दोन सांगून टाकली : शिते ओकु, करून ठेवणं. शिते शिमाउ, करून टाकणं. ‘चहा करून ठेव’ आणि ‘चहा करून टाक’ यातला फरक मराठी माणसाला समजवावा लागतो का? इंग्रजीतून हाच फरक सांगायला पुस्तकाने पाव पान घेतलं आहे.

आणि घरातून निघताना जपानी माणूस काय म्हणतो, तर इत्ते किमास. जाऊन येतो. माझी आई अजून कुणी नुसतं ‘जातो’ म्हटलं तर उंबऱ्यातून परत बोलावते.

वाक्याचा क्रमही तोच, क्रियापद शेवटी. विभक्ती नामाच्या मागून. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’, तोही अक्षरशः ‘का’. इकिमास का? जाता का? पहिल्या आठवड्यात मला हा योगायोग गंमत वाटला होता. आता वाटतं, गंमत त्या एका अक्षरात नाहीच, ती वाक्याच्या बांधणीत आहे. आम्ही सगळे घराच्या मागच्या दाराशी उभे होतो आणि इंग्रजीला वळसा घालून पुढच्या दाराने जात होतो.

सेन्सेईंना विचारलं, वर्ग मराठीतूनच का नाही घेत? म्हणाल्या, ‘तीन जण मराठी नाहीत.’ तेही खरंच. पण मधल्या सुट्टीत मी आणि आजींनी कोपऱ्यात ‘ऊन’चा वर्ग लावला. एक तमिळ मुलगा ऐकत होता, तो म्हणाला, आमच्यातही आहे हे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तारखा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मोठ्याकडून लहानाकडे, पार्ट नंबरसारखं. आणि मग सेन्सेईंनी जाता जाता सांगितलं की सरकारी कागदांवर अजूनही सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं चालतात. शोऽवा १९२६ ला सुरू. शोऽवा ६४ हे वर्ष सात दिवसांचं. ७ जानेवारी १९८९ ला सम्राट वारले आणि ८ पासून हेइसेइ १.

पेन खाली ठेवलं. ६२, ६२, ६३, ६३, १, १, २.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सुट्टी होती, रात्र कशीबशी काढली. आज सातला पॅनेल उघडलं.

तारखाच आहेत. शोऽवा ६२, तिसरा महिना, दहा तारीख. म्हणजे १० मार्च १९८७. मग सप्टेंबर. दर सहा महिन्यांनी एक नोंद, मार्च आणि सप्टेंबर. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर आहे, आपल्याला ते डाग वाटत होते : डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे खिडकीसारखी चौकट. हेच अक्षर हायड्रॉलिक टाकीच्या झाकणावर कोरलेलं आहे. अबुरा. तेल.

इन्सुलेशन पडलं नव्हतं. राजा बदलला होता.

वायरमनला बोलावून दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, मग म्हणाला, ‘मोटर रिवाइंड झालीये पण, ते मी सांगतो.’

शेवटची ओळ १४.३.८. हेइसेइ १४, म्हणजे २००२. पंधरा वर्षं, तीस-एक नोंदी, दोनच खाडे. अक्षर मध्येच एकदा बदललं आहे, हेइसेइ ६ पासून आकडे जरा उजवीकडे झुकलेले. एक माणूस गेला असावा आणि दुसऱ्याने तीच पेन्सिल उचलली असावी. आमच्याकडे तेल बदलल्याची नोंद संगणकात आहे, आणि खाडे किती हे मी इथे लिहिणार नाही.

मामा चष्मा कपाळावर चढवून वाकून बघत होते. ‘म्हणजे आपल्यासारखाच होता कोणतरी.’

६ मार्च, गुरुवार

सुट्टी. वर्गातल्या पाच-सहा जणांबरोबर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. ठरलं होतं की आत जपानीतच बोलायचं. तळ्यातले मासे मोजले : इप्पिकी, निहिकी, संबिकी. चौथा हलेना म्हणून थांबलो. पुढे मराठीत भेळ.

२४ मार्च, सोमवार

परीक्षेचा फॉर्म भरला. एकूण १८० गुण, पास व्हायला ८०. शिवाय शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी निदान ३८, आणि ऐकण्यात ६० पैकी निदान १९. ऐकण्याचं भय.

११ एप्रिल, शुक्रवार

भय खरं ठरतंय. सराव परीक्षेत वाचन उत्तम, ऐकण्यात ६० पैकी २१. आणि चूक कुठे, तर अवग्रहात. जो मी स्वतः शोधून काढला होता.

आज कुटुंबाबद्दल बोलायचं होतं. आजी उभ्या राहिल्या आणि त्यांनी गंभीरपणे सांगितलं की माझा शूऽजिन सकाळी सहाला उठतो, चहा पितो आणि बागेत फिरतो. सेन्सेईंनी डोळे मिटले. शुजिन म्हणजे नवरा. शूऽजिन म्हणजे कैदी. अर्थ कळल्यावर आजी म्हणाल्या, ‘राहू द्या. त्यांनाही तसंच वाटतं.’

हसून झालं, पण मुद्दा टोचला. आपण मराठी माणसं ऱ्हस्व-दीर्घावरून जन्मभर भांडतो. ‘पाणी’ला पहिली वेलांटी की दुसरी, शुद्धलेखनाचे गुण गेले, पाटीवर ‘दुध’ लिहिलं म्हणून फोटो काढतो. पण ते सगळं कागदावर. तोंडात आपल्याला फरकच नाही. शब्दात ती वेलांटी कुठे आहे त्यावरून लांबी आपोआप ठरते, त्यामुळे कानाने कधी ऐकायची वेळच आली नाही. बाकी सगळीकडे मराठीने हात धरून नेलं, इथे खड्ड्यात घातलं. ओबासान मावशी, ओबाऽसान आजी. बिरु इमारत, बीऽरु बिअर. अर्थाचा फरक फक्त एका ठोक्याचा.

ठोका हाच उपाय. टेबलावर बोट आपटत म्हणायचं, प्रत्येक अक्षराला एक : ओ-बा-आ-सा-न, पाच. जोडाक्षरालाही थांबायचा एक ठोका : कि-त्-ते, तीन. मेट्रोत हे करत होतो, शेजारच्या बाईंनी पर्स दुसऱ्या खांद्याला घेतली.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात. वर्ग संपलाच आहे, नुसती उजळणी. पट्ट्या १७ पैकी १४ झाल्या, तिन्ही सह्यांसकट. ‘ओकुरी’ म्हणजे पाठवणं, मशीनवर फीड; वर्गात हेच क्रियापद पार्सल पाठवायला शिकलो होतो. दगड, तेलाचा दाब, डावी-उजवी, सगळं लागलं. किरिकोमीच्या पट्टीवर आता ‘खोली (दगड खाली)’ असं आहे. शब्द मामांचा.

६ जुलै, रविवार

परीक्षा. आज आषाढी एकादशी. रविवार आम्हाला कामाचा, रजा टाकली. बायकोने साबुदाण्याची खिचडी डब्यात दिली. दारात ‘इत्ते किमास’ म्हणालो. आई आतून म्हणाली, ‘येतो म्हण.’ तेच म्हणालो, म्हटलं.

मोबाइल बंद करून लिफाफ्यात. वाजला तर लाल कार्ड, फुटबॉलसारखं. शब्द २० मिनिटं, व्याकरण-वाचन ४०, ऐकणं ३०. शब्दांत ‘ताइसेत्सु’ ओळखीच्या माणसासारखं भेटलं. ऐकताना एकदाच लावतात, परत नाही. मांडीवर बोटाने ठोके धरले. एका प्रश्नात बाई आजीबद्दल विचारत होती की मावशीबद्दल, पाच ठोके होते, आजी. त्यानंतरच्या दोन प्रश्नांत मी अजून ठोकेच मोजत होतो, ते गेले.

बाहेर आजी भेटल्या. त्यांना मुलीकडे सप्टेंबरात जायचंय. ‘एअरपोर्टवर कैदी म्हणाले नाही म्हणजे मिळवली.’

७ जुलै, सोमवार

ग्राइंडरचं हायड्रॉलिक ऑइल बदललं. वेळापत्रकाप्रमाणे गेल्या महिन्यात बदलायचं होतं. उरलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक टाकीच्या मागे सापडली. वाचता आली नाही, फोटो काढला.

पॅनेल बंद करताना मामांनी खिशातून पेन्सिल काढून पुढे केली. दाराच्या आत १४.३.८ च्या खाली वीतभर जागा आहे. इसवी सन लिहावं की त्यांचं, यावर जरा घोळ झाला. रकाना त्यांचा आहे तर त्यांचंच, असं मामांचं मत पडलं. २०१९ पासून रेइवा सुरू, त्यामुळे २०२५ म्हणजे रेइवा ७. महिना सातवा. तारीख सात.

७.७.७

पुढे ‘तेल’ काढलं. थेंबांचा क्रम चुकला, तिसरा थेंब खालून वर ओढायचा असतो. मामांनी टॉर्च धरला होता.

‘पुढचा वायरमन काय म्हणेल माहितेय?’ मामा म्हणाले. ‘बोइंगचा पार्ट आहे म्हणेल.’